गणपतीला गावी कशाने जायचं? कार, एसटी, रेल्वे, विमान, सगळ्यांच्या कार्बनचा हिशोब

गणपतीच्या तिकिटांचं बुकिंग उघडलं की आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी एकच विषय, कोण कशाने जाणार. यंदा त्यात एक नवीन प्रश्न आला. ग्रुपमधल्या एका कॉलेजच्या पोरीने विचारलं की पाऊस बिघडला, मोहर गळला, हापूस हातचा गेला म्हणून आपण सगळे ओरडतो, मग गावी जाता-येताना आपण स्वतः किती कार्बन सोडतो ते कोणी बघितलंय का? झालं, उत्तरं धडाधड आली. कोणी म्हणे विमान सगळ्यात वाईट, कोणी म्हणे इलेक्ट्रिक गाडी घ्या, प्रदूषण शून्य, आणि एक काका म्हणाले एसटी काळा धूर सोडते म्हणजे तीच सगळ्यात घाण. प्रत्येकाला खात्री होती, आकडा कोणाकडेच नव्हता. मला त्या पोरीचा प्रश्न मनापासून पटला, त्यामुळे मी कागद घेऊन बसले आणि ठाणे ते कुडाळ असा एका बाजूचा हिशोब काढला. हाच रूट घेतला कारण तिथे आपली माणसं खरोखरच या सगळ्या वाहनांनी जातात.

आधी मूळ आकडे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, डिझेलचा लिटरमागे साधारण २.७ किलो. इथे लगेच शंका येते की लिटरभर पेट्रोलचं वजनच पाऊण किलो, त्यातून सव्वादोन किलो वायू निघेल कसा? तर पेट्रोलमध्ये वजनाने बहुतेक भाग कार्बनच असतो, आणि जळताना कार्बनचा एक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू पकडतो, म्हणजे १२ ग्रॅम कार्बनचा ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो, बाकीचं वजन हवेतून येतं. (पंपावर हल्ली २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, त्याचा हिशोब थोडा वेगळा, मी इथे साधं पेट्रोल धरलंय.) विजेच्या एका युनिटमागे आपल्याकडे साधारण ७०० ग्रॅम, कारण देशातली बरीचशी वीज अजून कोळशावरच होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा दरवर्षी काढतं. खालची सगळी गणितं यावरून मी केलेली आहेत, अंदाजे आहेत, थोडं इकडेतिकडे होईल पण कोण जास्त कोण कमी हे काही त्याने बदलत नाही.

तर पहिली कार. ठाण्याहून कुडाळ रस्त्याने साधारण ४६० किलोमीटर. साधी पेट्रोल हॅचबॅक, एसी चालू, मागे डिकी सामानाने भरलेली, कशेडीला आता बोगदा झाला तरी परशुराम, भोस्ते वगैरे चढ आहेतच, तर १६ चं अ‍ॅव्हरेज धरूया. म्हणजे २९ लिटर पेट्रोल आणि ६६ किलो कार्बन डायऑक्साइड. हे पूर्ण गाडीचे. एकटा माणूस गेला तर ६६ च्या ६६ त्याच्या नावावर, दोघं गेले तर ३३, चौघं गेले तर साडेसोळा, पाच जण दाटीवाटीने गेले तर १३. त्याच रस्त्याने मोठी डिझेल एसयूव्ही नेली, १३ चं अ‍ॅव्हरेज, तर गाडीचे ९५ किलो. सात सीट भरल्या तर माणशी साडेतेरा, पण नवरा-बायको दोघंच गेले तर माणशी ४७. हा ४७ आकडा लक्षात ठेवा, विमानाच्या वेळी परत लागेल.

आणि हे सगळं रस्ता मोकळा असताना. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत इंदापूर-माणगावला काय होतं ते आपल्याला माहीत आहे, तिथे चार तास एसी लावून गाडी उभी राहिली की तासाला पाऊण-एक लिटर जातंच, म्हणजे जागचं न हलता आणखी सात ते नऊ किलो. हायवेच्या चौपदरीकरणाचं काम २०११ पासून चालू आहे आणि इतक्या वर्षांत त्या रांगांमध्ये किती पेट्रोल-डिझेल नुसतं जळून गेलं असेल याचा विचार केला की मला खरंच वाईट वाटतं.

आता काकांची काळ्या धुराची एसटी. लालपरी डिझेलच्या एका लिटरला साधारण साडेचार किलोमीटर जाते, म्हणजे कुडाळपर्यंत शंभरएक लिटर डिझेल आणि २७५ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. आकडा बघून वाटतं बापरे, कारच्या चौपट! पण आत ४४ माणसं बसलीत. भागून बघा, माणशी सव्वासहा किलो. एकट्याने कार नेणाऱ्याच्या दहाव्या भागाइतकं. काळा धूर दिसतो म्हणून एसटी बदनाम होते, तो धूर म्हणजे काजळी, ती छातीला वाईटच आहे, जुन्या गाड्या बदलायलाच हव्यात याबद्दल माझं दुमत नाही, पण कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही ना, चकचकीत गाडीच्या सायलेन्सरमधून तो निघताना कोणाला काही कळत नाही आणि माणशी हिशोबात तो तिथेच जास्त असतो.

अर्थात एसटीच्या हिशोबातही एक मेख आहे, ती लपवून चालणार नाही. सव्वासहा किलो हे गाडी भरलेली असताना. एसटीवाले ज्याला भारमान म्हणतात, म्हणजे एकूण सीटपैकी किती भरल्या, ते निम्म्यावर आलं की माणशी साडेबारा किलो होतात. गणपतीत तर वेगळीच गंमत होते, हजारो जादा गाड्या मुंबई, ठाणे, पालघरहून ग्रुप बुकिंगने गच्च भरून कोकणात जातात, पण त्या दिवसांत उलट दिशेने मुंबईला कोण येणार? बऱ्याच गाड्या परतताना जवळजवळ रिकाम्या येतात. प्रामाणिकपणे बघायचं तर ते परतीचं डिझेलही आपल्याच तिकिटात धरायला पाहिजे, म्हणजे सव्वासहाचे साडेबारा. तरीसुद्धा ती पाच जणांनी भरलेल्या कारच्या बरोबरीला येते, त्याहून वाईट नाही, आणि अशी भरलेली कार आपल्या ग्रुपमध्ये किती जण नेतात? एसी स्लीपर ट्रॅव्हल्सचं मात्र लक्षात घ्या, तिथे झोपून जायचं म्हणून गाडीत ३०-३६ च बर्थ, गाडी जड, एसी रात्रभर, साडेतीनचं अ‍ॅव्हरेज धरलं तर ३० प्रवाशांमागे प्रत्येकी बारा किलोच्या आसपास. म्हणजे लालपरीच्या दुप्पट. आरामाला जागा लागते आणि ती जागा ओढून न्यायला डिझेल लागतं, हे पुढे रेल्वेतही दिसेल.

बाइकवर जाणारी पोरं पण आहेत आपल्यात. ४५ चं अ‍ॅव्हरेज, दहाएक लिटर, साडेतेवीस किलो. डबलसीट गेलात तर माणशी बारा. म्हणजे कार्बन कमी आहे, पण रात्री त्या हायवेवरून, पावसात, ट्रकांच्या मधून, मी तरी कोणाला सांगणार नाही.

आता रेल्वे, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण कोकण रेल्वे हा विषयच तसा आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरतं तेव्हा घर्षण टायर आणि डांबरापेक्षा कितीतरी कमी असतं, शिवाय बावीस डबे एकामागे एक लागलेले असतात त्यामुळे वारा कापायचं मुख्य काम पुढचं इंजिनच करतं, बाकीचे डबे त्याच्या आडोशाने जातात. त्यात कोकण रेल्वे बांधतानाच चढ १५० ला १ पेक्षा जास्त ठेवायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणजे १५० मीटर पुढे जाताना फार तर एक मीटर वर. सह्याद्रीच्या कुशीतून जाताना असा सपाट मार्ग काढायचा म्हणून तर एवढे बोगदे आणि उंच पूल बांधावे लागले. याउलट कॅसलरॉकहून गोव्यात उतरणारा जो ब्रागांझा घाट आहे तिथे चढ ३७ ला १ आहे आणि गाडीला जादा इंजिनं लावावी लागतात. १९९८ च्या जानेवारीत मार्ग पूर्ण सुरू झाला तेव्हा लोकांनी वेळ किती वाचला ते बघितलं, पण त्या सपाट मार्गामुळे प्रत्येक गाडीमागे ऊर्जा वाचते आहे, आणि ती रोज वाचते आहे.

दुसरी गोष्ट २०२२ ची, तेव्हा कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं. ज्यांनी आधी प्रवास केलाय त्यांना करबुड्याचा बोगदा आठवत असेल, रत्नागिरीच्या अलीकडचा, साडेसहा किलोमीटरचा. गाडी आत शिरली की डिझेल इंजिनाचा धूर बोगद्यातच कोंडायचा आणि खिडक्यांतून डब्यात यायचा, लोक पटापट काचा खाली ओढायचे, लहान मुलं खोकायची, आणि बाहेर पडल्यावर भाताच्या खाचरांवरून मोकळी हवा आत आली की डबा पुन्हा बोलायला लागायचा. आता तो वास नाही. अर्थात धूर गेला म्हणजे कार्बन गेला असं नाही, तो चंद्रपूर-कोराडीसारख्या ठिकाणच्या औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघतो, त्याचा हिशोब धरायलाच हवा.

तो असा. हजार टन वजन एक किलोमीटर ओढायला प्रवासी गाडीला साधारण २० युनिट वीज लागते. बावीस डब्यांची गाडी, इंजिन, आतली माणसं आणि त्यांच्या गोण्या मिळून साडेअकराशे टनाच्या आसपास, आणि ठाणे ते कुडाळ रेल्वेने प्रत्यक्षात साधारण ४४५ किलोमीटर. (तिकिटावर अंतर जास्त दिसतं, कारण कोकण रेल्वे भाड्यासाठी किलोमीटर वाढवून धरते.) गुणाकार केला तर दहा हजारांवर युनिट, त्यात डब्यांचे एसी-दिवे-पंखे धरले तर बारा हजारांपर्यंत जातं. म्हणजे अख्ख्या गाडीचे साडेआठ टन कार्बन डायऑक्साइड. प्रवाशांचे वीस डबे धरले तर एका डब्यामागे ४३० किलोच्या आसपास.

आणि आता बघा काय होतं ते. नव्या स्लीपर डब्यात ८० बर्थ, माणशी साडेपाच किलोच्याही आत. थर्ड एसीत ७२, माणशी सहा. सेकंड एसीत ५२, म्हणजे सव्वाआठ. आणि फर्स्ट एसीत फक्त २४, तिथे माणशी अठरा किलो! एकच गाडी, एकच इंजिन, एकच वेळ, पण फर्स्ट एसीतला माणूस कारने चौघांत मिळून गेलेल्या माणसापेक्षा जास्त कार्बन सोडतो. आणि जनरल डबा, जिथे सीट शंभर आणि माणसं दीडशेच्या वर, तिथे माणशी तीन किलोपेक्षाही कमी. दाराशी उभं राहून, एका पायावर, सामान डोक्यावर घेऊन जाणारा आपला माणूस या सगळ्यांत कमी कार्बन सोडून घरी पोचतो, आणि त्याच्या वाट्याला सगळ्यात जास्त हाल येतात. हे काही बरोबर नाही. कमी कार्बन म्हणजे माणसं कोंबणं असा अर्थ मी काढणार नाही, स्लीपरमध्ये प्रत्येकाला झोपायला जागा मिळूनही आकडा सहाच्या आत राहतो, तेवढं सगळ्यांना मिळालं पाहिजे.

विमानाकडे येऊ. मुंबई ते गोवा हवाई अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. १८० सीटचं विमान एवढ्या छोट्या उड्डाणाला दोन ते अडीच टन इंधन जाळतं, त्यातलं बरंचसं वर चढतानाच, कारण ते नीट वर जाऊन स्थिर होतंय तोवर उतरायची वेळ येते. एक किलो विमान इंधनाचे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड. दीडशे प्रवासी धरले तर माणशी ४० ते ५० किलो. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला, पण ग्रुपवरचे बहुतेक जण गोव्याच्या मोपा विमानतळावरच उतरतात, तिथून कुडाळ ४५-५० किलोमीटर, टॅक्सी सोडायला येते आणि रिकामी परत जाते, त्याचे आणखी चौदाएक किलो. एकटा माणूस असेल तर एकूण ५५ ते ६५. म्हणजे कारने एकट्याने जाणं आणि विमानाने जाणं कार्बनच्या हिशोबात जवळजवळ सारखंच आहे, आणि मोठ्या एसयूव्हीत दोघं गेले तरी माणशी ४७, तेही विमानाच्या आसपासच. विमानाला शिव्या घालत एकटा एसयूव्ही घेऊन जाणारा माणूस विमानातल्या माणसापेक्षा जास्तच कार्बन सोडत असतो. विमानाचं एक वेगळं आहे, ते उंचावर सोडत असलेल्या वाफेचे पांढरे पट्टे आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांनीही हवा तापते, त्यामुळे त्याचा खरा परिणाम नुसत्या कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यापेक्षा जास्त असतो. पण ते सगळ्याच उड्डाणांना सारखं लागू होत नाही, म्हणून मी बेरजेत धरलेलं नाही.

'विमान तर जाणारच आहे, मी बसलो नाही तर काय फरक पडतो' असं एकाने ग्रुपवर लिहिलं होतं. फरक पडतो. सीट भरायला लागल्या की कंपन्या फ्लाइट वाढवतात, रिकाम्या राहिल्या की कमी करतात, आणि कार तर फक्त आपल्यासाठीच रस्त्यावर येते.

इलेक्ट्रिक कार शून्य आहे का? नाही. ४६० किलोमीटरला चार्जिंगमधली गळती धरून ७५ युनिट तरी लागतील, म्हणजे ५३-५५ किलो. पेट्रोलच्या ६६ शी तुलना करताना विहिरीतून तेल काढणं, रिफायनरी, टँकर हे सगळं धरलं तर पेट्रोल ८० च्या जवळ जातं, म्हणजे इलेक्ट्रिकने साधारण तिसरा हिस्सा वाचतो. छपरावर सोलर असेल आणि त्यावर चार्ज करत असाल तर फार चांगलं, आणि ग्रिडमध्ये सौर-पवन वाढेल तसा आकडा आपोआप खाली येत राहील, पेट्रोल गाडीचा कधीच येणार नाही. म्हणून नवीन गाडी घ्यायचीच असेल तर मी इलेक्ट्रिकच घ्या म्हणेन. पण एकटा इलेक्ट्रिक गाडीत बसून गेला तर एसटीतल्या माणसाच्या आठ-नऊ पट कार्बन आजच्या तारखेला होतोच आहे, ते विसरू नका.

चौघांच्या कुटुंबाचं जाऊन-येऊन गणित मांडलं तेव्हा मला स्वतःला धक्का बसला. विमान आणि टॅक्सी मिळून ३९० किलोच्या आसपास, हॅचबॅकने १३२, भरलेल्या एसटीने ५०, रेल्वेच्या स्लीपरने ४४ च्याही आत. विमान आणि रेल्वे यांच्यातला फरक साडेतीनशे किलो. घरातला गॅसचा एक सिलिंडर पूर्ण जळला की साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे हा फरक आठ सिलिंडरांचा झाला, आपल्या घरातला सहा-आठ महिन्यांचा स्वयंपाक. भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड धरतात, त्याच्या शेजारी हे आकडे ठेवून बघा.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत अशा घरांतून एक प्रश्न येईल म्हणून सांगते, मुंबई-न्यूयॉर्क जाऊन-येऊन इकॉनॉमीत माणशी दोन टनांच्या आसपास होतात. म्हणजे सरासरी भारतीयाचा वर्षभराचा कार्बन एका फेरीत. बिझनेस क्लासमध्ये सीट जास्त जागा खाते, तिथे तिप्पट धरतात. नातवंडांना भेटायला जाऊ नका असं मी म्हणू शकत नाही, म्हणणारही नाही, तिथे रेल्वेचा पर्यायच नाही. पण गेलात तर जास्त दिवस राहा, दोन छोट्या फेऱ्यांपेक्षा एक लांबची केव्हाही बरी.

आणि एक मुद्दा ग्रुपवर कोणाच्याच डोक्यात नव्हता. गावी आपण वर्षातून फार तर तीन-चार वेळा जातो, ऑफिसला रोज जातो. ठाण्याहून सीएसएमटी ३३-३४ किलोमीटर, रोज जाऊन-येऊन, वर्षाचे अडीचशे कामाचे दिवस, तर साडेसोळा हजार किलोमीटर होतात. एकट्याने कारने, शहरातल्या ट्रॅफिकमध्ये १२ चं अ‍ॅव्हरेज, वर्षाला सव्वातीन टनांच्या जवळ. आणि लोकलने? बारा डब्यांची लोकल गर्दीत अडीच-तीन हजार माणसं सहज नेते, आता बहुतेक गाड्या ब्रेक लावताना वीज परत तारेत सोडतात, माझ्या अंदाजाने वर्षाला शंभर-दीडशे किलोच्या वर जात नाही. सव्वातीन टन आणि सव्वाशे किलो! जो माणूस वर्षभर लोकलने लटकत जातो त्याने गणपतीला एकदा विमान केलं तरी तो रोज कारने जाणाऱ्यापेक्षा कितीतरी पुढे आहे. त्यामुळे ग्रुपवर एकमेकांना नावं ठेवण्याआधी पूर्ण वर्षाचा हिशोब बघा.

पण मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच आहे. हे सगळे आकडे वाचून समजा ग्रुपमधल्या सगळ्यांनी ठरवलं की यंदा रेल्वेनेच जायचं, तर तिकीट मिळणार आहे का? नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, गणपतीच्या तारखांना पहाटेपासून मोबाइल हातात घेऊन बसलं तरी काही मिनिटांत वेटिंग लागतं. मग माणूस काय करणार, मिळेल ती गाडी काढणार. म्हणजे जो माणूस कमी कार्बनचा रस्ता निवडायला तयार आहे त्यालाच जागा नाही, आणि कारला मात्र गणपतीत टोल माफ, आत एकटा असो की पाच जण. टोलमाफी एसटीलाही आहे हे मान्य, पण स्लीपरचा एक डबा वाढला तर काय होतं बघा. एका डब्यामागे ४३० किलो, माणसं ८०. तीच ८० माणसं कारमध्ये चौघं-चौघं बसून गेली तर वीस कार, तेराशे किलोच्या वर. आणि कारमध्ये सरासरी अडीच माणसं धरली, जे मला जास्त खरं वाटतं, तर ३२ कार आणि दोन टनांच्याही वर. एक डबा! ३२ गाड्या माणगावच्या रांगेतून कमी होतील ते वेगळंच.

गाड्या वाढवायच्या तर मार्ग पाहिजे. रोहा ते वीर दुपदरी रूळ २०२१ मध्ये झाला, पुढे बहुतेक सगळीकडे अजून एकच रूळ आहे, म्हणून गाडी कुठेतरी आडस्टेशनला क्रॉसिंगला थांबते, आपण खाली उतरून चहा शोधतो आणि समोरून दुसरी गाडी जाते. त्या एका रुळावरून एक्सप्रेस, पॅसेंजर, मालगाड्या आणि ट्रक वाहून नेणाऱ्या रो-रो गाड्या, सगळं चालतं, आणि गणपतीत स्पेशल गाड्याही त्याच रुळावर. पुढचं दुपदरीकरण हा कोकणासाठी हवामानाचाच प्रश्न आहे असं मी ठामपणे म्हणेन. निवडणुकीला मत मागायला येणाऱ्यांना आपण मोहराचं, पिकाच्या भरपाईचं विचारतो, तसं दुसऱ्या रुळाचंही विचारूया. लग्नसराई, मे महिना, शिमगा, गणपती, प्रत्येक वेळी हाच तुटवडा असतो.

तोवर हातात काय आहे? ज्याला रेल्वे किंवा एसटी मिळाली त्याने तीच धरायची. ज्यांना नाही मिळाली आणि कार काढायचीच आहे त्यांनी ती भरून न्यायची, हिशोबाचं सारच आहे ते, हॅचबॅकचे ६६ किलो एकाने जा नाहीतर पाच जणांनी जा, तेवढेच राहतात. वाडीतले एक आजोबा तर कायम म्हणतात, 'गाडी भरली तरच परवडता', ते पैशाचं बोलतात पण कार्बनलाही तसंच लागू पडतं. म्हणून यंदा ग्रुपवर एक शीट टाकली आहे. कोण कोणत्या दिवशी निघतंय, गाडीत किती सीट रिकाम्या, ठाणे, कळंबोली की पनवेल कुठून घेता येईल, आणि परत कधी येणार. विचारलेल्या मुलीनेच ती बनवली. ज्या काकूंना वेटिंगमुळे दरवर्षी रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये मागच्या सीटवर बसून जावं लागायचं त्यांचं नाव पहिलं लागलं. नियम एवढेच, पेट्रोलचा खर्च सगळ्यांनी समान वाटायचा, ज्याची गाडी त्याने टोलमाफीचा पास वेळेत काढायचा, आणि येताना तांदूळ, नारळ, कोकमं कोणाची किती हे निघायच्या आदल्या दिवशी बोलून घ्यायचं, डिकी एकच आहे. शनिवारपर्यंत नावं घाला.